दुसऱ्या प्रयोगाची सोय

गोव्यात नटाला रंगमंच मिळत नाही, असे कोणी म्हणू नये. दिवाळी सरली की देवळांतून जत्रा आणि काले सुरू होतात, आणि तेव्हापासून थेट वैशाखापर्यंत पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठे ना कुठे मंडप उभा असतो. त्या मंडपात एका रात्री गावच्या मंडळींचे मराठी नाटक ठरलेले असते. चतुर्थीत सार्वजनिक गणपतीपुढे नाटके होतात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत होतात, आणि कला अकादमीची नाट्यस्पर्धा तर अ आणि ब अशा दोन गटांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. एवढ्याशा प्रदेशात इतके नट, इतके दिग्दर्शक, इतके ऑर्गनवादक आणि तबलजी असावेत, याचा मला आजही अभिमान वाटतो. तरीही अभिनय हाच आपला उद्योग करू पाहणारी मुले-मुली बोलायला येतात, तेव्हा ती ओळखी नसल्याची, मुंबई लांब असल्याची आणि घरच्यांच्या नाराजीची अडचण सांगतात. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांच्या मुळाशी असलेल्या आणखी एका अडचणीविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. आपल्याकडे नाटक एकदाच होते.

उत्सवाचे नाटक देवापुढे एका रात्री होते आणि पहाटे मंडप सुटू लागतो. स्पर्धेचे नाटक ठरलेल्या तारखेला परीक्षकांसमोर होते, निकाल लागतो, आणि दोन-दोन महिने जागून बसवलेले ते नाटक तिथेच संपते. पुढच्या वर्षी नवे नाटक, नवी भूमिका, नवे पाठांतर. अशा रीतीने वीस वर्षे रंगभूमीवर वावरलेल्या माणसाच्या गाठीला पन्नास भूमिका जमतात, पण त्यांतील एकही भूमिका त्याने तिसऱ्यांदा केलेली नसते. हौसेसाठी नाटक करणाऱ्याला याने काही उणे पडत नाही, कारण त्याचा आनंद त्या एका रात्रीत पुरा होतो. ज्याला या कामावर पोट भरायचे आहे त्याचे मात्र यात मोठे नुकसान होते, कारण नटाचे जे खरे शिक्षण असते ते दुसऱ्या प्रयोगापासून सुरू होते.

पहिल्या प्रयोगात नटाचे सारे बळ आठवण्यात जाते. वाक्य आठवायचे, जागा आठवायची, पेला कोणत्या हाताने उचलायचा ते आठवायचे. कुठेतरी अनपेक्षित हशा येतो आणि तो कशामुळे आला हे त्याला कळत नाही. एखादा विराम नकळत लांबतो आणि प्रेक्षागृह एकदम शांत होते, तेही का झाले ते उमजत नाही. दुसऱ्या प्रयोगात तोच हशा मिळवायला तो जातो, आणि बहुधा तो येत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या प्रयोगात त्याला हळूहळू उमगते की हशा त्याच्या वाक्याला नव्हताच. समोरच्या नटाने आधी घेतलेल्या छोट्याशा थांब्यामुळे तो आला होता, आणि स्वतः घाई केल्यामुळे तो थांबाच गेला. दहाव्या प्रयोगाला कंटाळा येतो. त्या कंटाळ्यावर मात करून, अंग दुखत असताना किंवा घरी आजारपण असताना, काल जमले तेवढे आज जमवून दाखवणे हे व्यावसायिक नटाचे काम आहे, आणि ते कोणत्याही शिबिरात शिकवता येत नाही. तिथे जावे लागते ते प्रयोगांच्या वाटेने.

पूर्वीच्या नटांना ही वाट आयती मिळत असे. मंगेशीला १९०० साली जन्मलेले मास्टर दीनानाथ लहान वयात किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि १९१८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह बलवंत संगीत मंडळी उभी केली. त्यांच्या गळ्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण गळा घेऊन जन्मलेल्या त्या मुलाला कंपनीने गावोगावचे मुक्काम दिले, त्याच त्या भूमिका पुन्हा पुन्हा करण्याची सक्ती दिली, आणि रोज नवा प्रेक्षक दिला, ही गोष्ट गोव्यातल्या नटाने विशेष लक्षात घ्यावी असे मला वाटते. कंपन्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती सक्तीही गेली.

गोव्याच्या मातीत ती संपूर्ण नाहीशी झाली आहे असे मात्र नाही, आणि मराठी रंगभूमीवर काम करणाऱ्यांनी शेजारी डोकावून पाहायला हवे. तियात्र म्हणजे गोमंतकीयांचे कोंकणी नाटक. त्याचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला, आणि तेव्हापासून ती रंगभूमी तिकिटावर चालत आली आहे. आजही तियात्र प्रेक्षकांना आवडला तर त्याचे प्रयोग शंभरीच्या पलीकडे जातात. कंत्राटदार प्रयोग विकत घेतात, गावोगावी लावतात, आणि नटाला, गायकाला, वाजवणाऱ्याला प्रत्येक प्रयोगाचे पैसे मिळतात. सत्तरी तालुक्यातल्या प्रेक्षकांपुढे आणि सासष्टी तालुक्यातल्या प्रेक्षकांपुढे तोच विनोद कसा निरनिराळ्या वेगाने बोलावा लागतो, हे मराठी नटापेक्षा तियात्रिस्ताला अधिक नेमके ठाऊक असते. आपल्यातल्या काही जणांना अजूनही तियात्र पाहायला जाणे कमीपणाचे वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते. भाषेचा वाद बाजूला ठेवून, वही-पेन्सिल घेऊन, एकच तियात्र महिन्याच्या अंतराने दोनदा पाहावा. दोन प्रयोगांत काय बदलले याची नोंद करावी.

पेडण्याकडचा आणि पलीकडे सिंधुदुर्गातला दशावतारही असाच. तिथे छापील संहिता नसते. त्या रात्रीचे आख्यान कोणते आणि प्रसंगांचा क्रम काय, एवढे ठरते आणि पखवाज, झांज, हार्मोनियमच्या साथीवर नट पदरचे संवाद बोलत राजाला राजासमोर उभा करतो. हंगाम सुरू झाला की रात्रीमागून रात्री हेच काम. ज्याला वाक्य विसरण्याची भीती वाटते त्याने एक हंगाम तरी दशावतारी नटांच्या मागे रंगपटात बसून काढावा. तिथे एखादा नट मुकुट चढवता चढवता नवख्याला सांगतो की तू मला प्रश्न विचार, उत्तर सुचले नाही तरी मी तुझ्याकडे रागाने बघेन, तू घाबर. तेवढ्यात मला शब्द सापडतो.

आणि ज्यांच्याकडून मी स्वतः सर्वांत अधिक शिकलो त्या गावोगावच्या नाटकांत मानधनावर काम करणाऱ्या अभिनेत्री. ही पद्धत गोव्याबाहेरच्या वाचकाला कदाचित माहीत नसेल. गावच्या नाटकात पुरुष पात्रे गावातली असतात. स्त्री-भूमिकांसाठी मात्र वर्षानुवर्षे बाहेरून अभिनेत्री बोलावल्या जात आल्या. त्यामुळे गावातल्या नटाची भूमिका एका रात्रीत संपते, आणि ती अभिनेत्री तीच भूमिका आज एका गावी, परवा दुसऱ्या गावी, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नायकाबरोबर करते. मराठी नाटकातील दुसरा, दहावा आणि पन्नासावा प्रयोग गोव्यात कोणाच्या वाट्याला आला असेल तर तो त्यांच्या.

अशाच एक ज्येष्ठ अभिनेत्री, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणत असू, त्यांची काम करण्याची रीत मी जवळून पाहिली आहे. त्या गावात पोहोचल्या की चहा घेण्याआधी रंगमंचावर जात. विंगा किती, प्रवेश कुठून, पायरी डगमगते का, ध्वनिक्षेपक कुठे टांगला आहे, ऑर्गन कोणत्या बाजूला बसणार, हे पाहून घेत. मग समोरच्या नटाला बोलावत. त्या रात्री पहिल्यांदाच मोठी भूमिका करणारा एक मुलगा घामाघूम होऊन म्हणाला, "ताई, सगळा प्रवेश एकदा म्हणून बघूया?" तेव्हा त्या म्हणाल्या, "नको रे बाळा, तुझे पाठांतर चांगले आहे. तू रागाने माझ्या अंगावर धावून येतोस तो कुठल्या बाजूने, आणि हात धरतोस तो कोणता, एवढेच दाखव. बाकीचे मी सांभाळते." त्या अर्ध्या तासात त्यांनी तीनच गोष्टी पक्क्या केल्या: जिथे अंगाला स्पर्श होतो त्या जागा, जिथे त्या गावाने नाटकाला कात्री लावली आहे त्या जागा, आणि पदांच्या पट्ट्या.

त्यांची एक जाड वही होती. प्रत्येक भूमिकेसाठी डाव्या पानावर समोरच्याची शेवटची वाक्ये, उजव्या पानावर स्वतःची. खाली पदांची नावे आणि कोणत्या पट्टीत गायचे ते. त्याखाली गाव, तारीख, कोणता प्रवेश गाळला, साथीला कोण होते, मानधन किती ठरले आणि किती हातात पडले. नट म्हणून काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने पहिली वस्तू विकत घ्यावी ती अशी वही. छायाचित्रांचा खर्च नंतर करता येतो. ज्या स्त्रियांच्या कष्टांवर गोव्याची संगीत नाटके उभी राहिली त्यांना आपल्या समाजाने टाळ्या भरपूर दिल्या आणि मान हात आखडून दिला. निदान त्यांची कामाची शिस्त तरी आपण मोकळ्या मनाने घ्यावी.

आता प्रश्न असा की आज विशी-पंचविशीत असलेल्या नटाने दुसऱ्या प्रयोगाची सोय करायची कशी. माझे उत्तर स्पष्ट आहे: स्वतःच्या पदरी एक छोटे नाटक असावे. दोन किंवा तीन पात्रे, तासभराचा अवधी, एका मोटारीत मावेल एवढे नेपथ्य, आणि प्रकाशयोजना अशी की वाचनालयाच्या सभागृहातही नाटक उभे राहावे. गोव्यात मोठी नाट्यगृहे आहेत, पणजीची कला अकादमी, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवने. पण पदरचे नाटक आधी मोठ्या नाट्यगृहात नेण्याचा मोह टाळावा. भाडे, तिकिटविक्री आणि रिकाम्या खुर्च्या यांचा भार पहिल्याच प्रयोगाला छातीवर बसतो आणि दुसरा प्रयोग होतच नाही. त्याऐवजी शाळा, उच्च माध्यमिक विद्यालये, ग्रंथालये, महिला मंडळे, देवस्थानांची सभागृहे आणि गृहसंकुले यांच्याकडे जावे. त्यांना एक पानी पत्र द्यावे: नाटकाचा विषय, अवधी, कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी, किती जागा लागते, विजेची काय सोय लागते, मानधन किती. मुख्याध्यापकांना किंवा अध्यक्षांना भेटायला जाताना प्रत्यक्ष जावे. गोव्यात अजून माणूस माणसाला भेटल्यावरच काम ठरते.

या नाटकाचे कागद पहिल्या दिवसापासून नीट ठेवावेत. लेखकाची लेखी परवानगी आणि प्रत्येक प्रयोगाला त्याचे मानधन, यात कसूर करू नये. स्वतःच्या कामाचे पैसे मागणाऱ्याने लेखकाचे पैसे बुडवणे अयोग्य आहेच, शिवाय परवानगी नसेल तर नाटक नावारूपाला आले की नेमके तेव्हाच बंद पडते. पुढे सावंतवाडी, कुडाळ किंवा कोल्हापूरला प्रयोग न्यायचा झाला तर महाराष्ट्रात संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवून अर्ज करावा. आणि प्रत्येक प्रयोगाचा जमाखर्च प्रयोगातल्या सर्वांना त्याच आठवड्यात दाखवावा. छोटी पथके फुटतात ती बहुतेक वेळा पैशाच्या कमतरतेने फुटत नाहीत. पैसे कुठे गेले हे न कळल्याने फुटतात.

पाऊस हा गोव्यातल्या नटाचा बेकारीचा काळ मानला जातो. मृगापासून चतुर्थीपर्यंत मंडप नसतात, त्यामुळे उत्पन्नही नसते, आणि हे दरवर्षी होते, म्हणून ते आधीच धरून चालावे. हंगामात हाती आलेल्या मानधनातला ठरावीक भाग पावसाळ्यासाठी बाजूला काढणे ही नटाच्या हिशेबातली पहिली ओळ असायला हवी. उरलेला वेळ तालमीसाठी सोन्यासारखा आहे. नव्या नाटकाचे वाचन, गाणाऱ्यांनी पदांचा रियाज, न गाणाऱ्यांनी श्वासाचा आणि वाणीचा अभ्यास याच महिन्यांत करावा.

वाणीविषयी थोडे थांबून सांगायला हवे. आपल्यातल्या बहुतेकांची घरची भाषा कोंकणी, आणि मराठी आपण देवळातल्या कीर्तनातून, शाळेतून आणि नाटकांतून उचललेली. त्यामुळे आपली मराठी शुद्ध आणि जड असते. पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकात ती शोभते, पण स्वयंपाकघरात आईशी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी ती उपरी वाटते. मालिका आणि चित्रपटांसाठी निवड करणाऱ्यांच्या कानाला हे लगेच खटकते. यावर उपाय म्हणजे रोज दहा मिनिटे पुण्या-मुंबईकडच्या माणसांचे साधे बोलणे ऐकून तसेच बोलून पाहणे, आपला हेल ओळखणे, आणि गरज असेल तेव्हा तो बाजूला ठेवता येणे. तो पुसून टाकण्याची मात्र काही गरज नाही, कारण उद्या गोमंतकीय पात्र हवे असेल तेव्हा हाच हेल कामाला येईल. कोंकणी, मराठी, हिंदी आणि बहुधा इंग्रजी अशा चार भाषांत सहज बोलणारा नट महाराष्ट्रात शोधावा लागतो. आपल्याकडे तो घरोघरी आहे. हे आपल्या परिचयपत्रात पहिल्या ओळीत लिहावे. आकाशवाणीची नाट्यविभागाची ध्वनिपरीक्षा द्यावी. तिथले काम थोडे असते, पण नुसत्या आवाजावर माणूस उभा करण्याचा तो सराव पुढे ध्वनिमुद्रणाच्या सगळ्या कामांत उपयोगी पडतो.

कॅमेऱ्यासमोरचे काम आणि दुसरा प्रयोग यांचा संबंध वरवर दिसत नाही, पण तो फार जवळचा आहे. चित्रीकरणात एकच प्रसंग आधी लांबून, मग जवळून, मग समोरच्या पात्राच्या खांद्यावरून असा पुन्हा पुन्हा घेतला जातो, आणि ज्या शब्दाला कप उचलला त्याच शब्दाला तो प्रत्येक वेळी उचलावा लागतो, नाहीतर संकलकाला ते तुकडे जोडता येत नाहीत. एकदाच करून मोकळे होण्याची सवय असलेला नट इथे गोंधळतो: पहिल्या वेळी सुंदर, तिसऱ्या वेळी कोरडा. ज्याने एकच भूमिका पंचवीस वेळा केली आहे त्याला ठाऊक असते की हालचाल तीच ठेवूनही आतले ऐकणे नवे ठेवता येते.

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो, त्यामुळे चित्रपटसृष्टी दारात आली आहे अशी तरुणांची समजूत होते. महोत्सव पाहावा, जरूर पाहावा. अभिनयाचे काम मात्र तिथून मिळत नाही. काम मिळते ते गोव्यात येणाऱ्या चित्रीकरणांतून, आणि ती इथल्या लाइन प्रोड्युसरांमार्फत, म्हणजे चित्रीकरणाची स्थानिक व्यवस्था पाहणाऱ्यांमार्फत, होतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणे थांबली तेव्हा अनेक मालिकांची युनिट गोव्यात उतरली होती आणि मे महिन्यात परवानग्या मागे घेतल्या गेल्यावर ती निघून गेली. अशा संधी कळवून येत नाहीत. छायाचित्रे, परिचय आणि दोन छोटे ध्वनिचित्रित प्रसंग ज्याच्या फोनमध्ये तयार असतात त्याचेच नाव त्या संध्याकाळी पुढे जाते.

हे प्रसंग घरी कसे चित्रित करावेत याविषयी अनाठायी खर्च केला जातो. खिडकीकडे तोंड करून, मागे साधी भिंत ठेवून, फोन आडवा धरून छातीपर्यंतची चौकट घ्यावी. समोरच्याची वाक्ये वाचणारी व्यक्ती कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभी असावी आणि तिने हळू आवाजात वाचावे. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि भाषा सांगून दोन्ही बाजूंचा चेहरा दाखवावा. पावसाळ्यात पत्र्यावर किंवा कौलांवर सरी कोसळत असताना चित्रीकरण करू नये, कारण आपल्या कानाला सवयीचा झालेला तो आवाज ध्वनिमुद्रणात वाक्ये गिळून टाकतो. आणि मागितलेल्या वेळेच्या आत पाठवावे. निवडीसाठी, नोंदणीसाठी, ओळखपत्रासाठी जो कोणी पैसे मागतो त्याच्याकडे जाऊच नये. खरे काम देणारा नटाला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. भेटीसाठी हॉटेलच्या खोलीत बोलावणे आले तर सार्वजनिक जागा सुचवावी, सोबत कोणाला तरी न्यावे, आणि नकार मिळाला तर ते काम नव्हतेच असे समजावे.

पैशाच्या बोलण्याचा आपल्याकडे संकोच फार. देवाच्या उत्सवात फुकट काम करण्याची सवय असलेल्या माणसाला मानधन विचारताना जीभ अडखळते, हे मी समजू शकतो. देवासमोरची सेवा सेवाच राहावी, तिच्यात पैसा आणू नये. पण एखादी संस्था, कंपनी किंवा निर्माता काम सांगतो तेव्हा तारीख, ठिकाण, किती दिवस, किती रक्कम, ती कधी मिळणार, प्रवास आणि राहण्याचा खर्च कोणाचा, एवढ्या गोष्टी काम सुरू होण्याआधी लेखी हव्यात. छापील करार नसेल तर आपणच व्हॉट्सॲपवर सविस्तर संदेश लिहून समोरच्याचा होकार घ्यावा. मालिकांच्या क्षेत्रात मानधन ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे, म्हणजे आज केलेल्या कामाच्या पैशांतून पुढच्या महिन्याचे भाडे भरता येणार नाही. व्यावसायिक मानधनातून सामान्यतः १० टक्के कर आधीच कापला जातो, आणि पॅन क्रमांक दिला नाही तर तो २० टक्के कापला जातो. कापलेला कर आपल्या नावावर जमा झाला की नाही हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि विवरणपत्र भरले तर देणे नसलेला कर परत मिळतो. कित्येक नट विवरणपत्र भरत नाहीत आणि स्वतःचेच पैसे सोडून देतात.

मुंबईला जावे का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. जावे, पण आपल्याकडे दाखवण्यासारखे काम झाल्यावर जावे. आता पहिली चाचणी बहुधा घरून पाठवलेल्या ध्वनिचित्रणावर होते, त्यामुळे मुंबईत वर्सोव्याच्या आराम नगरात निवड करणाऱ्यांच्या कार्यालयांत दारोदार फिरण्यासाठी सहा महिन्यांचे भाडे जाळण्याची गरज उरलेली नाही. पुढच्या फेरीसाठी बोलावणे आले की मडगावहून रात्रीची कोकणकन्या पकडता येते. तिकडे राहायला जायचेच असेल तर वर्षभराच्या खर्चाची तजवीज करून जावे, आणि गेल्यावर पहिल्या महिन्यातच एखाद्या प्रायोगिक नाट्यसंस्थेच्या तालमीला लागावे. मुंबईने देण्यासारखी खरी गोष्ट तिथल्या प्रयोगांची संख्या आहे. ज्याला तिथे जाऊनही वर्षभर प्रयोग मिळत नाहीत, केवळ भेटी आणि वाट पाहणे मिळते, त्याने गोव्यात परतून आपले छोटे नाटक पुन्हा सुरू करावे आणि त्यात कमीपणा मानू नये.

नोकरी सोडण्याविषयी मी कोणालाही घाई करायला सांगत नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. वर्षानुवर्षे प्रायोगिक रंगभूमीवर काम केल्यानंतर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १९६९ मध्ये त्यांनी व्यवसाय सोडून पूर्णवेळ अभिनय पत्करला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७० मध्ये, त्यांची मुख्य भूमिका असलेले 'नटसम्राट' रंगभूमीवर आले, आणि ते आणले होते मुंबईत गोमंतकीयांनी स्थापन केलेल्या दि गोवा हिंदु असोसिएशनच्या कला विभागाने. उशिरा निघालेल्या माणसाची तयारी किती झालेली असू शकते, याचे मराठीत याहून मोठे उदाहरण मला आठवत नाही. शिक्षक, बँक कर्मचारी, सरकारी कारकून म्हणून काम करणाऱ्या नटाने आपली रजा उत्सवाच्या आणि स्पर्धेच्या तालमींत संपवून टाकू नये. तिचा मोठा भाग आपल्या नाटकाच्या प्रयोगांसाठी राखावा, आणि सरकारी नोकरीत असेल तर मानधन स्वीकारण्याआधी खात्याची लेखी परवानगी घ्यावी. छोट्या नाटकाचे उत्पन्न आणि इतर अभिनयाची कामे मिळून सलग दोन हंगाम घरखर्च निघाला, मधला पावसाळाही त्यातच निभावला, की मग नोकरीचा विचार घरच्यांसोबत बसून, वही समोर उघडून करावा. त्या वहीत आकडे नीट लिहिलेले असतील तर आई-वडिलांना पटवण्यासाठी फार बोलावे लागत नाही, आणि ते नकार देतील तरी तो कशाला आहे हे दोघांनाही कळते: रकमेला, अनिश्चिततेला, की लोक काय म्हणतील याला. पहिल्या दोहोंवर पुढच्या हंगामात काम करता येते.